घाटाखालची हुशार मुले

सोयगाव पाहिले आहे काय, असे कुणी विचारले तर आपल्यापैकी बहुतेक जण मान हलवतील. ते कुठेसे आले, असा उलट प्रश्नही करतील. पण अजिंठ्याची लेणी पाहिली आहेत काय, असे विचारा. लगेच आल्बम बाहेर येतो, पद्मपाणीपुढे उभ्या राहिलेल्या काकू दिसतात, सहलीच्या बसमध्ये झालेल्या उलट्यांची हकीगतही ऐकावी लागते. मौज अशी की अजिंठा हे गाव घाटमाथ्यावर, सिल्लोड तालुक्यात. आणि त्याचे नाव लावणारी लेणी मात्र घाटाखाली, सोयगाव तालुक्यात! म्हणजे जगभरची माणसे शेकडो वर्षांपूर्वीची चित्रे पाहायला ज्या तालुक्यात येतात, त्या तालुक्याचे नावदेखील न विचारता परत जातात. फर्दापूरला चहा पितात, दगडाच्या रंगीत स्फटिकांचा भाव करतात, आणि गाडी एकतर जळगावकडे नाहीतर संभाजीनगरकडे वळवतात. सोयगावकडे जाणारा रस्ता तिथूनच फुटतो. त्या रस्त्याने जाणारा पाहुणा विरळाच.

मी त्या रस्त्याने गेलो तो लेण्यांसाठी नव्हे. माझ्या एका शिक्षक मित्राचे पत्र आले होते. पत्र म्हणजे आताच्या रिवाजाप्रमाणे मोबाइलवरचा निरोप. पण लिहिण्याची पद्धत मात्र आंतर्देशीय पत्राची. 'आमच्याकडे तालुक्याचे विज्ञान प्रदर्शन आहे. आपण शहरात बालबुद्धिवंतांविषयी फार वाचता. एकदा आमचेही बुद्धिवंत पाहून जावे.' टोमणा उघड होता. मी थैली भरली.

संभाजीनगरहून निघालेली एस्. टी. सिल्लोड मागे टाकून अजिंठा गावातून घाटाच्या तोंडाशी येते, तोवर सगळा मराठवाडाच असतो: उघडी माळराने, ज्वारी, मका, लांबवर दिसणारा एखादा बाभळीचा पुंजका. घाट उतरू लागला की दोन-चार वळणांतच हवा बदलते. खाली तापीचे खोरे पसरलेले दिसते. माती काळी होत जाते, कपाशीचे शेत मग संपतच नाही, आणि गाडीत चढणाऱ्या माणसांच्या बोलण्यात खानदेशी हेल येतो. सोयगाव तालुका नकाशात मराठवाड्याचा. पण डोंगराने त्याला खानदेशाच्या ओटीत टाकले आहे. कचेरीचे काम निघाले की घाट चढून जिल्ह्याला जायचे, आणि बाजार, दवाखाना, सोयरीक यांसाठी पाचोरा, शेंदुर्णी, जळगाव गाठायचे, असा इथला शिरस्ता.

हे आजचे नाही. १९४८ सालापर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि शेजारचा खानदेश इंग्रजांचा. दोन गावांच्या शिवेवर दोन राज्ये भेटत. निजामी हद्दीत माल आणायचा तर करोडगिरी भरायची; इकडे हाली शिक्का, तिकडे कलदार रुपया. ज्या शेतकऱ्याचे शेत इकडे आणि मेहुणा तिकडे, त्याने काय करावे? म्हातारी माणसे आजही मिठाच्या आणि कापडाच्या चोरट्या वाहतुकीच्या वडिलोपार्जित गोष्टी चवीने सांगतात. मला वाटते, दोन सत्तांच्या फटीत राहिलेल्या माणसाला एक प्रकारची कल्पकता आपोआप येत असावी. पुढे आम्ही जे पाहिले त्याचे मूळ त्यात शोधायचे की नाही, ते ज्याचे त्याने ठरवावे.

शेंदुर्णीवरून पूर्वी पाचोरा-जामनेर ही छोटी गाडी जात असे. लोक तिला लाडाने 'पी. जे.' म्हणत. चालत्या गाडीतून उतरून, पाणी पिऊन पुन्हा चढता येई, असा तिचा लौकिक होता. २०२० साली करोनाच्या दिवसांत ती थांबली, आणि अरुंद रुळांवर पुन्हा धावली नाही. रुंद रुळांचे काम हाती घेतले गेले. सोयगावच्या मुलांच्या दृष्टीने जगातले पहिले यंत्र म्हणजे ती गाडी होती. आता पहिले यंत्र म्हणजे मोबाइल. या बदलात मुलांनी काय कमावले आणि काय गमावले, हा विषय मोठा आहे. आम्हांला पुढे जायचे आहे.

गाव छोटे आहे. मागे अजिंठ्याच्या डोंगराची भिंत, त्या भिंतीला टेकून वेताळवाडीचा किल्ला. त्याचा एक दरवाजा हळद्याकडे तोंड करून आहे म्हणून तो हळदा दरवाजा, दुसरा जरंडीकडे म्हणून जरंडी दरवाजा. इतके सरळ नाव ठेवणारी माणसे मला आवडतात. जवळच्या दरीत रुद्रेश्वराचे लेणे आहे, पावसाळ्यात त्याच्यावरून धबधबा कोसळतो. आणि वर पठारावर जंजाळ्याजवळ घटोत्कच लेणे. त्याचा उल्लेख पुढे येणारच आहे.

प्रदर्शन एका शाळेच्या पटांगणात होते. मांडवाला पताका, दाराशी रांगोळीने काढलेला अणू, त्याच्या भोवती फिरणारे इलेक्ट्रॉन झेंडूच्या फुलांचे. उद्घाटनाला पाहुणे दीड तास उशिरा आले हे सांगायला नकोच. तोवर मुले आपापल्या टेबलांमागे ताटकळत उभी. सातवी-आठवीची पोरे, इस्त्री केलेले गणवेश, केसांना तेल. एका पोराच्या ज्वालामुखीचा स्फोट पाहुणे येण्याआधीच झाला, आणि दुसऱ्यांदा स्फोट करण्यापुरता खाण्याचा सोडा उरला नाही. ते पोर अगदी रडकुंडीला आले. शेवटी चहावाल्याकडून सोडा आला.

खरे सांगायचे तर निम्म्या टेबलांवर मला आनंद झाला नाही. ठोकळेबाज 'आदर्श गाव', पाण्याची टाकी भरली की वाजणारी घंटी, टाकाऊतून टिकाऊ, आणि बाजारात डब्यात तयार मिळणारी मोटार व तारा जोडून केलेले 'रोबो'. त्या डब्यांवर किंमतही असते. मुलाने पाठ केलेली चार वाक्ये तो घडघड म्हणतो. मध्येच थांबवले तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. हा दोष मुलाचा नव्हे. त्याला जे बक्षिसायोग्य म्हणून दाखवले गेले, ते त्याने केले. शहरातल्या प्रदर्शनांतही हेच असते, फक्त डबा जास्त महाग असतो.

पण कोपऱ्यात एक मुलगी उभी होती. घाटाच्या पायथ्याच्या एका खेड्यातली, सातवीतली. तिच्यापुढे टेबल नव्हतेच. कारण तिची वस्तू टेबलावर मावत नव्हती. सायकलच्या दोन जुन्या रिंगा, त्यांच्यामध्ये लोखंडी सळईची चौकट, आणि चौकटीला अडकवलेले खताचे पोते, तोंड उघडे. पुढे एक दोर, तो कमरेला बांधायचा. कापूस वेचणारी बाई वेचता वेचता पुढे सरकते, तसे हे मागून येते. एवढेच.

परीक्षक चांगले गृहस्थ होते, हातात गुणांचा तक्ता. त्यांनी विचारले, "याच्यामागचे वैज्ञानिक तत्त्व कोणते?"

मुलगी गप्प.

"बरे, कार्यक्षमता किती टक्क्यांनी वाढते?"

मुलगी आपल्या पायाच्या अंगठ्याकडे पाहू लागली. परीक्षकांनी तक्त्यावर काहीतरी लिहिले आणि सौम्यपणे 'छान, छान' म्हणून ते पुढे गेले.

माझा मित्र मला कोपराने ढोसत होता. मी जवळ जाऊन विचारले, "हे का केलेस ग?"

"माह्या मायची मान दुखती," ती म्हणाली. "झोळी भरली का सगळं ओझं मानेला येतं."

"मग लहान चाके का नाही लावलीस? ती हलकी असतात."

आता तिचा चेहरा एकदम उघडला. "लावली व्हती ना! पहिले खेळण्याच्या गाडीची लावली. ते ढेकळात रुततात. मोठं चाक ढेकळावरून जातं. पण लय मोठं केलं का ओळीत मावत नाही, कपाशी मोडती. म्हणून हे रिंग. तेही पोरीच्या सायकलचं, पोराच्या नाही."

वाचकहो, परीक्षकांना हवे होते ते तत्त्व हेच होते. चाकाचा व्यास वाढला की खडबडीत जमिनीवर ते सोपे जाते. पण दोन ओळींतले अंतर त्या व्यासाला आणि रुंदीला मर्यादा घालते. त्या दोहोंचा मेळ घालायचा. जगातला कुठलाही इंजिनियर याहून वेगळे काही करत नाही. त्या मुलीने एक यंत्र मोडून दुसरे केले होते, ते मोडून तिसरे. फक्त 'तत्त्व' या शब्दाला काय उत्तर द्यायचे असते, ते तिला कुणी सांगितले नव्हते. तिला उत्तेजनार्थ बक्षीस मिळाले. पहिला क्रमांक रोबोला गेला.

तुम्ही म्हणाल, तालुक्याचे एक प्रदर्शन, त्यात एवढे काय मोठे? मोठे आहे ते त्याच्या वरची शिडी पाहिली म्हणजे कळते. केंद्र सरकारच्या विज्ञान खात्याची 'इन्स्पायर-मानक' नावाची एक स्पर्धा आहे. सहावी ते दहावीच्या मुलांसाठी ती सुरू झाली, आता अकरावी-बारावीपर्यंत वाढवली आहे. शाळेने मुलांच्या नव्या कल्पना कळवायच्या. देशभरातून दहा लाख कल्पना गोळा कराव्यात, त्यांतल्या एक लाख निवडाव्यात, असा तिचा पसारा. निवडलेल्या प्रत्येक मुलाच्या बँकेतल्या खात्यात १०,००० रुपये जमा होतात, ते नमुना बनवण्यासाठी. मग जिल्ह्याचे प्रदर्शन, तिथून निवडलेल्यांचे राज्याचे, तिथून हजारेक मुले दिल्लीच्या वाटेला, आणि शेवटी साठ. दहा लाखांतून साठ! कापूस वेचणाऱ्या मजुराच्या घरात दहा हजार रुपये मुलीच्या नावाने येतात, तेव्हा त्या मुलीचे शिक्षण पुढच्या वर्षी चालू राहायचे की नाही, या प्रश्नाचा रंग बदलतो. शहरात त्या रकमेचा एक बूट-जोड येतो.

मुंबईच्या विज्ञान अध्यापक मंडळाची डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा आपल्या घरांत अधिक परिचित आहे. सहावी आणि नववीच्या मुलांची. लेखी, मग प्रात्यक्षिक, मग प्रकल्प आणि मुलाखत. ती मराठीतूनही देता येते, ही तिची मोठी गोष्ट. पण तिच्या तयारीचे वर्ग आणि मार्गदर्शकांची पुस्तके यांची दुकाने दादरला आणि पुण्याच्या आप्पा बळवंत चौकात. सोयगावला पोचेपर्यंत त्या पुस्तकांची आवृत्ती बदललेली असते.

यंत्रांच्या स्पर्धेत आपण मागे आहोत असे मात्र कुणी समजू नये. २००८ साली आशिया-पॅसिफिकमधील तंत्रविद्यार्थ्यांची 'रोबोकॉन' ही यंत्रमानवांची स्पर्धा पुण्याला बालेवाडीत झाली, तेव्हा यजमानांनी खेळ कोणता द्यावा? दहीहंडी! देशोदेशींच्या यंत्रमानवांनी एकमेकांना उचलून वर चढवायचे आणि मडक्यातले लोणी काढायचे. त्या गोविंदांत शेवटी चीनचा संघ जिंकला. गोकुळाष्टमी आपली, लोणी आपले, आणि हंडी फोडणारा दुसराच. पण खेळ असा आखला हे मला फार आवडले. मुलाला ओळखीच्या वस्तूपासून सुरुवात करू दिली की त्याची बुद्धी चालते, हे तिथे कुणाला तरी कळले होते.

आणि सगळ्यांत वरच्या पायरीवर आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाड. गणित, पदार्थविज्ञान, रसायन, जीवशास्त्र, खगोल, संगणक. शाळकरी वयाच्या मुलांची ही जागतिक कुस्ती आहे, आणि तिच्या आखाड्यात महाराष्ट्राचे नाव वरचेवर निघते. १९९६ साली गणिताचे ऑलिंपियाड मुंबईत झाले, २००१ साली रसायनाचे, २०१५ साली पदार्थविज्ञानाचे. २०२५च्या ऑगस्टात खगोलाचे झाले, त्याला चौसष्ट देशांतून मुले आली होती आणि भारताच्या पाच मुलांनी चार सुवर्ण व एक रौप्य मिळवले. रसायनाच्या स्पर्धेत पाच तास प्रयोगशाळेत आणि पाच तास लेखी परीक्षा. आपल्यातले थोर थोर पदवीधर त्यातल्या पहिल्या प्रश्नापाशीच पाणी मागतील.

सोयगावहून जिथे लोक किराणा भरायला जातात, त्या जळगावचा एक मुलगा या आखाड्यात दोनदा जिंकला आहे. देवेश पंकज भैया याने २०२४ साली रियाधला आणि २०२५ साली दुबईला, असे दोन्ही वर्षी रसायनाच्या ऑलिंपियाडमध्ये सुवर्णपदक मिळवले. दुबईला नव्वद देशांची मुले होती; भारताच्या चौघांनी मिळून दोन सुवर्ण, दोन रौप्य आणली. पंतप्रधानांनी आकाशवाणीवरून त्या चौघांची नावे घेतली. शेंदुर्णीच्या एका पानवाल्याने मला ही बातमी अशा थाटात सांगितली, की जणू तो मुलगा त्याच्या आतेबहिणीचाच. "आपल्या जळगावचा आहे," तो म्हणाला. 'आपल्या' या शब्दावर भर होता. मराठवाड्याच्या तालुक्यालगतचा माणूस खानदेशच्या मुलाचा अभिमान बाळगतो, त्यात कुणाचे काही बिघडत नाही.

या मुलांची निवड कशी होते, ते समजून घेण्यासारखे आहे. नोव्हेंबरच्या सुमारास देशभर पहिली परीक्षा होते, हजारो मुले बसतात. त्यांतून एकेका विषयाला काही शेकडा दुसऱ्या परीक्षेला. त्यांतून तीस-पस्तीस जणांना मुंबईला मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात उन्हाळ्यात शिबिराला बोलावतात. तिथे प्रयोग, परीक्षा, चर्चा, रात्री वसतिगृहाच्या जिन्यावर बसून वाद. शेवटी रसायनाचे चार, पदार्थविज्ञानाचे पाच. शिबिरापर्यंतचा मार्ग मात्र बहुधा मोठ्या शहरांतल्या शिकवणी-वर्गांतून जातो. जळगावही आता लहान गाव राहिलेले नाही. संगणकाच्या ऑलिंपियाडची पहिली पायरी मला यातल्या त्यात दयाळू वाटली. ती परीक्षा कागद-पेन्सिलीवर घेण्याची प्रथा पडली आहे; घरात संगणक नसला तरी डोके असले की पुरे. पण ती परीक्षा असते, हे तरी सोयगावच्या मुलाला कुणी सांगायला हवे ना!

त्या मानखुर्दच्या केंद्राचा आणि या मुलखाचा एक जुना ऋणानुबंध आहे, तो फारसा कुणाला ठाऊक नाही. म्हणून इथे थोडा पाय मोकळा सोडतो.

१९७४ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेने हे केंद्र काढले तेव्हा त्याला स्वतःची इमारत नव्हती. मुंबईच्या नाना चौकातल्या महापालिकेच्या शाळेत दोन-चार खोल्या मिळाल्या होत्या. भा. मा. उदगावकर हे पदार्थविज्ञानाचे मोठे शास्त्रज्ञ त्यामागे होते, आणि कामाची धुरा वि. गो. कुलकर्णी या दुसऱ्या शास्त्रज्ञाने उचलली. अणूच्या गाभ्यात डोके घालणारी ही माणसे; यांनी आपले पहिले मोठे काम कुठे करावे? ऑलिंपियाड तेव्हा स्वप्नातही नव्हते. ते गेले खिरोद्याला.

खिरोदा जळगाव जिल्ह्यात, रावेरच्या बाजूला, सातपुड्याच्या पायथ्याशी. १९३६ साली काँग्रेसचे खेड्यातले पहिले अधिवेशन जिथे भरले ते फैजपूर तिथून जवळच. मधुकरराव चौधरी यांचे हे गाव. तिथल्या शिक्षणसंस्थेच्या मदतीने आसपासच्या तीसेक खेड्यांतल्या शाळांत केंद्राने विज्ञान शिकवण्याचा प्रयोग केला. मुंबईचे शास्त्रज्ञ एस्. टी.ने, बैलगाडीने, प्रसंगी पायी त्या शाळांत जात. स्वस्त साहित्यातून प्रयोग करायचे, शिक्षकांना एकत्र बसवायचे, मुलांना प्रश्न विचारू द्यायचे. एक वर्ष नव्हे, काही वर्षे हे चालले.

त्यांना तिथे जे सापडले ते मला सोयगावच्या त्या कोपऱ्यात उभे असताना आठवले. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी यांच्या ध्यानात आले की मूल विज्ञानात अडत नाही, विज्ञानाच्या भाषेत अडते. पाठ्यपुस्तकाचे मराठी म्हणजे संस्कृत शब्दांची लांबलचक माळ. ती माळ गळ्यात पडली की खेड्यातले पोर, आणि शहरातल्या गरीब वस्तीतलेही पोर, मान खाली घालते. मग मास्तर म्हणतात, याला डोके नाही. यांनी काय केले, तर तेच धडे सोप्या बोलीजवळच्या भाषेत पुन्हा लिहिले, मजकूर तोच ठेवला, आणि मुलांची समज तपासली. ती वाढली. भाषेचा अडसर या विषयावर त्यांनी १९८०च्या आसपास निबंध लिहिले. त्याच सुमारास मुंबईच्या महापालिका शाळांतली दलित मुले निवडून त्यांना तीन वर्षे अशा रीतीने शिकवले, आणि शालान्त परीक्षेत त्या मुलांनी जे गुण मिळवले ते पाहून 'यांना डोके नाही' म्हणणाऱ्यांची तोंडे बंद झाली. गुणवत्ता नुसती शोधून भागत नाही, ती जोपासावी लागते, हा त्या सगळ्या खटाटोपाचा अर्थ. पुढे याच केंद्राकडे ऑलिंपियाड आले, पदके आली, वर्तमानपत्रांत छायाचित्रे आली. खिरोद्याचे छायाचित्र कुणी छापले नाही.

मला पदकांविषयी मत्सर नाही. उलट अशी चार मुले देशाची छाती रुंद करतात, आणि त्यांच्या वयाच्या इतर मुलांना एक उंची दाखवतात. पण त्या उंचीच्या पायथ्याशी कोण आहे, ही चौकशी थांबता कामा नये, असे मला वाटते. परीक्षकांनी 'तत्त्व सांग' म्हणण्याऐवजी 'हे का केलेस' म्हटले असते, तर त्या दिवशी क्रमांक बदलले असते. एका वाक्याचा फरक, आणि त्याला पैसाही लागत नाही!

दुसऱ्या दिवशी मित्राने मला लेण्यांत नेले. हजारदा पाहिलेली चित्रे त्याने पाहू दिली नाहीत. तो मला चोविसाव्या लेण्यापाशी घेऊन गेला. हे लेणे अर्धवट आहे. पुरे झाले असते तर तिथल्या मोठ्या विहारांत त्याची गणना झाली असती. खडकात छिन्नीचे घाव तसेच आहेत, कुठे भिंत सुटलेली, कुठे खांब नुसता ठोकळा. "प्रवासी इथे थांबत नाहीत," तो म्हणाला, "आणि मी वर्गातली मुले फक्त इथेच थांबवतो. काम कसे करतात ते इथेच दिसते."

वॉल्टर स्पिंक या अमेरिकन अभ्यासकाने आयुष्य या लेण्यांवर घालवले. त्यांचे म्हणणे असे, की महायान काळातली बहुतेक लेणी पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, वाकाटक राजा हरिषेणाच्या कारकिर्दीच्या आसपास, वीसेक वर्षांत भराभर कोरली गेली. आणि दात्यांची एकमेकांत चुरस होती. याने असा दरवाजा काढला की त्याने त्याहून सुबक काढायचा. सगळ्या विद्वानांना हा हिशोब पटत नाही. मला तो पटावासा वाटतो, कारण चुरस ही गोष्ट मी नुकतीच पटांगणात पाहून आलो होतो. हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने इथले सोळावे लेणे दिले, आणि जंजाळ्याचे घटोत्कच लेणेही त्याचेच. दोन्हीकडे त्याचे शिलालेख आहेत. दात्याचे नाव दगडात आहे. ज्या हातांनी दगड फोडला त्यांचे नाही. त्यांच्यात पंधरा-सोळा वर्षांची पोरे असणारच, बापाच्या हाताखाली छिन्नी धरून शिकणारी. वरून खाली कोरत यायचे, चुकले तर जोडता येत नाही. त्यांतल्या एखाद्याला कुणी तत्त्व विचारले असते, तर त्यानेही पायाच्या अंगठ्याकडेच पाहिले असते.

या भाद्रपदात मी पुन्हा सोयगावला जाऊन आलो. रुद्रेश्वरावर धबधबा जोरात होता, कपाशी कमरेला लागत होती. मित्राच्या शाळेत 'इन्स्पायर'ची नावे भरण्याची घाई चालली होती. अर्ज संगणकावरून जातो, आणि शाळेत जाळे मिळत नाही. म्हणून संध्याकाळी गुरुजी मोटारसायकल घेऊन गावाबाहेरच्या टेकाडावर जातात, तिथे दोन काड्या येतात. मीही मागे बसून गेलो. मोबाइलच्या इवल्या पडद्यावर 'कल्पनेचे वर्णन, शब्दमर्यादा पाळावी' असा रकाना होता. गुरुजींनी त्यात आधी 'श्रमबचतकारी कार्पास-संकलन साधन' असे टंकले. मग माझ्याकडे पाहिले, हसले, आणि खोडले.

"काय लिहू?" त्यांनी विचारले.

ती मुलगी गाडीच्या टाकीवर हात ठेवून उभी होती. आता आठवीत गेलेली. ती म्हणाली, "लिहा, मायच्या मानेवरचं ओझं चाकावर टाकलं."

गुरुजींनी ते तसेच लिहिले. मग ती त्यांना तिसऱ्या चाकाविषयी सांगू लागली. पुढे एक लहान चाक लावले तर पोते वळणावर कलंडत नाही, पण चिखलात ते अडते, त्यासाठी काय करावे, हा प्रश्न तिला दोन दिवस पडला होता. गुरुजी ऐकत होते. अर्ज जाऊन पोचल्याचा संदेश यायला आणखी वीस मिनिटे लागली.